अनुदानाचं गरम पाणी

माझे सासरे गार पाण्याने आंघोळ करायचे. आवड म्हणून नव्हे, आमचं विजेचं बिल वाढू नये म्हणून. बायकोने कितीही समजावलं तरी त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "मला गारच चालतं." मग बाथरूममधून पहिल्या मगाबरोबर एक दीर्घ श्वास ऐकू यायचा, दुसऱ्या मगाबरोबर "अरे बापरे," आणि त्यानंतर दिवसभर खोकला. आमच्याकडे राहायला आल्यापासून आपण कुणाला भार होऊ नये या एकाच काळजीत ते असायचे. पंखा लावायचे नाहीत, दुसरा चहा मागायचे नाहीत, माझं वाचून झाल्याशिवाय वर्तमानपत्राची घडी उलगडायचे नाहीत. इतका निरुपद्रवी माणूस घरात असला की बाकीच्यांना फार अवघडल्यासारखं होतं. त्यांच्यादेखत चहात दुसरा चमचा साखर घातली तरी मला चोरी केल्यासारखं वाटायचं.

एका सकाळी बायकोने वर्तमानपत्रातली एक जाहिरात माझ्या नाकापुढे धरली. घरात किंवा धंद्याच्या जागी हीट पंप बसवा, खर्चातला मोठा वाटा सरकार परत देईल, असा जाहिरातीचा मतलब होता.

"हा गीझरपेक्षा खूप कमी वीज खातो म्हणे," ती म्हणाली. "बाबांना बिलाचं निमित्तच उरणार नाही."

"आधी अटी बघू," मी म्हणालो.

इथे माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. मी विमा कंपनीत दावे-तपासणी विभागात आहे. लोकांनी भरलेल्या अर्जांतल्या चुका शोधायच्या आणि नम्र भाषेत त्यांना नकार कळवायचा, हे माझं काम. हे काम मी इतकी वर्षं आणि इतक्या नम्रपणे केलंय की काही लोकांनी नकाराबद्दल माझे उलट आभार मानले आहेत. त्यामुळे अटी, शर्ती आणि तळटीपा यांची मला भीती वाटत नाही. योजनेची माहितीपुस्तिका मी एका बैठकीत वाचून काढली. मंजुरी असलेल्या फिटरकडूनच यंत्र बसवायचं, बसवल्याचा फोटो पाठवायचा, काही महिने ते चालवायचं, मग तपासणी अधिकारी येऊन ते चालू स्थितीत बघणार आणि त्यानंतर पैसे. घरासाठी वेगळा भाग, धंद्यासाठी वेगळा. घरगुती अनुदान घेतलं तर वापर फक्त घरगुती.

"यात आहे काय," मी बायकोला म्हणालो. "आपला अर्ज नाकारायचा तर त्यांना माझ्यासारखाच माणूस शोधावा लागेल."

हे वाक्य तिने नंतर मला बऱ्याच वेळा ऐकवलं.

यंत्राची ऑर्डर देण्याआधीच समोरच्या फ्लॅटमधले व्होल्टेजकाका सल्ला द्यायला हजर झाले. ते वीज खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि इमारतीत कुणी साधा बल्ब बदलला तरी त्यांना आतून कळतं. आमच्या टेबलावर थोडा चहा सांडला होता. त्यात बोट बुडवून त्यांनी टेबलभर आकृती काढली.

"फ्रिज उलटा चालवला की झाला हीट पंप. यात काही जळत नाही की तापत नाही. हवेतली उष्णता ओढायची आणि पाण्यात घालायची."

"मग त्या हवेचं काय होतं?" बायकोने विचारलं.

"ती गार होते आणि जाते कुठेतरी," काका म्हणाले, आणि आकृतीतली हवा त्यांनी टेबलाच्या कडेवरून खाली जमिनीवर सोडली. ती मला पुसावी लागली.

फिटर आला तेव्हा पहिला प्रश्न जागेचा निघाला. पाण्याची टाकी बाथरूमच्या माळ्यावर बसली, पण पंख्याचा मोठा डबा मोकळ्या हवेत हवा. गॅलरीत वॉशिंग मशीन होतं. गच्चीवर ठेवायचा तर सोसायटीची सभा घ्यावी लागली असती, आणि आमच्या सोसायटीची मागची सभा झेंड्याच्या खांबाला रंग कुठला द्यायचा यावरून अजून तहकूब आहे. शेवटी इमारतीच्या मागच्या डक्टमध्ये, तळमजल्यावरच्या फुलांच्या दुकानाच्या मागच्या खिडकीवर, एक जागा सापडली. त्यासाठी दुकानदारीणबाईंची लेखी संमती लागत होती.

फुलवाल्या ताईंना सगळी गल्ली ओळखते, निदान त्यांचा आवाज तरी. घाऊक व्यापाऱ्यांशी फोनवर घासाघीस करून तो तयार झालेला आहे. कानाला फोन तसाच ठेवून त्यांनी माझ्या कागदावर सही केली.

"पण आवाज आला तर सांगून ठेवते," त्या म्हणाल्या. "काठीने मीच बंद करीन."

आवाज आला नाही. यंत्र बसलं, फोटो गेला, पोच आली. पहिल्याच दिवशी नळातून असं कढत पाणी आलं की बायकोला भरून आलं. तिने बादली भरली, टॉवेल काढून ठेवला आणि बाबांना हाक मारली. बाबा आत गेले. आम्ही दोघं बाहेर कान देऊन उभे राहिलो. दीर्घ श्वास आला. मग "अरे बापरे" आलं.

"बाबा, गरम पाणी काढलं होतं ना?" बायकोने दारातूनच विचारलं.

"ते तसंच आहे, तुम्ही घ्या," आतून उत्तर आलं. "यंत्र नवीन आहे, उगाच झिजवायला नको."

माझ्या विभागात दावेदार कसे वागतात याचा मला पुष्कळ अनुभव आहे, पण हक्काची वस्तू घ्यायलाच नकार देणारा दावेदार मला कधी भेटला नव्हता.

त्यानंतरच्या रविवारी दारावर थाप पडली. फुलवाल्या ताई उभ्या होत्या, हात कमरेवर. डब्यातून पाणी गळत असल्याचं माझ्या कानावर आलं होतं, त्यामुळे तक्रार असणार हे मी गृहीत धरलं आणि ऑफिसातला आवाज काढला.

"आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही अत्यंत दिलगीर—"

"दिलगीर कशाला? यंत्र बंद का केलंत ते सांगा आधी."

मग उलगडा झाला. काकांनी टेबलावरून सोडून दिलेली ती गार हवा थेट ताईंच्या मागच्या खोलीत जात होती. त्या खोलीत त्या फुलांच्या बादल्या ठेवतात. संध्याकाळपर्यंत माना टाकणारे गुलाब आता दुसऱ्या दिवशीही ताठ उभे राहात होते. ताईंनी त्यांचं थंड कपाट, जे भरमसाट वीज खायचं, बंदच करून टाकलं होतं. गळणारं पाणीसुद्धा त्या बादलीत धरून फुलांना घालत होत्या. आणि आज सकाळपासून हवा बंद.

"अहो, ते सतत चालत नाही," मी म्हणालो. "गरम पाणी वापरलं की टाकीत गार पाणी येतं आणि ते तापवायला यंत्र सुरू होतं."

ताईंनी आम्हा तिघांना एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"म्हणजे आज तुमच्याकडे कुणी आंघोळच केलेली नाही?"

मी रविवारी उशिरा आंघोळ करतो. हा माझा खाजगी निर्णय आहे आणि आठवडाभर नोकरी करणाऱ्या माणसाला तेवढा हक्क असावा असं मला वाटतं. पण दारात उभ्या असलेल्या बाईला हे पटवणं कठीण असतं. बायको पायपुसणं सरळ करायला लागली. तेवढ्यात बाबा पुढे आले.

"मी केली. पण गारने." ते जरा थांबले. "म्हणजे मी गरम पाणी घेतलं तर तुमची फुलं टिकतात?"

"टिकतात काय आजोबा, टवटवीत होतात नुसती."

बाबांनी मान डोलावली, आत गेले, टॉवेल घेतला आणि बाथरूमचं दार लावलं. सकाळची आंघोळ झालेली असताना. आतून बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. दीर्घ श्वास नाही, बापरे नाही. बाहेर आले तेव्हा गाल तांबूस झाले होते. ओल्या केसांनीच चपला घालून ते खाली गेले, हवा आली का बघायला.

त्या दिवसापासून बाबांनी आंघोळ हातात घेतली. हे शब्द विचित्र वाटतील, पण दुसरे सापडत नाहीत. सकाळी फुलांची गाडी आली की एक आंघोळ. दुपारी ऊन चढलं की दुसरी. ताईंकडे मोठी ऑर्डर असली की संध्याकाळी तिसरी. त्यात चैनीचा लवलेश नव्हता. पाळीवर निघालेल्या कामगारासारखे ते टॉवेल खांद्यावर टाकून निघायचे. आंघोळ झाली की खाली जाऊन दुकानात बसायचे आणि देठ कापायचे. नोकरीत असताना ते जहाजांचे नकाशे काढायचे, त्यामुळे देठ नेमका किती तिरका कापायचा याबद्दल त्यांची मतं होती. खोकला गेला. जेवताना आम्हाला आता लिलीच्या स्वभावाविषयी माहिती मिळू लागली. लिली मानी असते, असं कळलं. एका संध्याकाळी त्यांनी आपणहून दुसरा चहा मागितला, तेव्हा बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी लगेच उठून पातेलं गॅसवर ठेवलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर ही योजना किती चांगली आहे असं पत्र मीच वर्तमानपत्राला लिहिलं असतं. पण माझ्या प्रतिष्ठेचा प्रश्न निर्माण झाला. ताई गिऱ्हाइकांशी मोकळेपणाने बोलतात. "एकदम ताजी आहेत, आत्ताच वरच्या आजोबांची आंघोळ झाली," असं त्या सांगायच्या. गिऱ्हाईक फुलांकडे बघायचं, मग वर आमच्या खिडकीकडे बघायचं. ऑफिसातून येताना एकदा एक अनोळखी गृहस्थ हातात फुलांचा गुच्छ घेऊन थांबले आणि मला म्हणाले, "तुमच्याकडे फार स्वच्छता असते असं ऐकलं." मी थँक्यू म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मग लग्नांचा मोसम आला आणि ताईंच्या ऑर्डरी वाढल्या. एका माणसाने आंघोळ करून करून किती करावी यालाही मर्यादा असते. बाबांच्या बोटांना कायमच्या सुरकुत्या पडल्या. ताईंच्या शेजारी सलून आहे. तो सलूनवाला गिऱ्हाइकांची डोकी धुवायला दिवसभर किटलीत पाणी तापवत असायचा. मी ऑफिसात असताना ताई, सलूनवाला आणि बाबा अशी तिघांची बैठक झाली. मी घरी आलो तर आमच्या बाथरूमच्या खिडकीतून एक निळा पाइप बाहेर पडून डक्टमधून खाली सलूनमध्ये गेला होता.

"हे काय?" मी बायकोला विचारलं.

"तात्पुरतं आहे," ती म्हणाली. "तो गरम पाणी वापरणार, मग यंत्र चालणार, मग फुलं गार राहणार. बाबांनी हो म्हणून सांगितलं."

"मला विचारायचं तरी."

बाबा आतून म्हणाले, "मी म्हटलं, जावईबापू नाही म्हणायचे नाहीत."

आमच्या घरात राहायला आल्यापासून बाबांनी परस्पर घेतलेला हा पहिला निर्णय होता. तो फिरवायचा माझा धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायच्या घाईत मी नळ सोडला तर पाणी गार. सलूनवाला लवकर उघडतो. मी पहिला मग अंगावर घेतला आणि दीर्घ श्वास घेतला. दुसऱ्या मगाला माझ्याच तोंडून "अरे बापरे" बाहेर पडलं. यंत्र माझं, विजेचं बिल माझं, गरम पाणी सलूनवाल्याचं, गार हवा ताईंची, आणि समाधान बाबांचं. सलूनवाल्याने बदल्यात माझे केस फुकट कापायचं कबूल केलं. माझ्या डोक्याची अवस्था बघता त्यात त्याचं फारसं नुकसान नव्हतं.

अशा वेळी योजनेच्या कार्यालयातून निरोप आला की तपासणी अधिकारी येणार आहेत. माझ्या तोंडचं पाणी पळालं. घरगुती अनुदान, वापर फक्त घरगुती, ही अट मी स्वतः वाचली होती, बायकोला मोठ्याने वाचून दाखवली होती. आणि इथे एका घरगुती यंत्रावर दोन दुकानं चालली होती.

"तपासणीपुरता पाइप काढू," मी म्हणालो.

"लपवायचा?" बायकोने विचारलं.

"लपवायचा नाही. त्या दिवशी तो तिथे नसेल, इतकंच."

बोलताना मला माझाच आवाज ऐकू आला. 'अर्जदाराने महत्त्वाची माहिती दडवल्याचे आढळून आल्याने' हे वाक्य मी ऑफिसात इतक्यांदा लिहिलंय की ते झोपेतही लिहीन. पण आपल्यावर वेळ आली की माणूस व्याकरणात पळवाट शोधतो. बाबा उठून आपल्या खोलीत गेले, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांनी खोलीचं दार ओढून घेतलं.

मी आदल्या संध्याकाळी पाइप काढून, गुंडाळून माळ्यावर टाकला. सलूनवाला कुरकुरला. ताई म्हणाल्या, "उद्याच माझी हॉलची मोठी ऑर्डर आहे. हवा बंद पडायला नको." मी म्हणालो, "अजिबात काळजी करू नका." यंत्र चालायला पाणी वापरावं लागतं आणि पाणी वापरणाऱ्याचा पाइप मीच काढलाय, हा साधा हिशेब माझ्या डोक्यात आला नाही.

तपासणी अधिकारी तरुण बाई होत्या. खांद्याला पिशवी, हसतमुख चेहरा. "आपल्याला त्रास देते आहे, त्याबद्दल क्षमस्व," असं म्हणून त्या आत आल्या आणि माझ्या अंगावर काटा आला. तो स्वर माझ्या ओळखीचा होता. नकार देण्यापूर्वी मी तोच लावतो.

त्यांनी टाकी बघितली. फोटो पडताळला. मग डक्टच्या खिडकीतून वाकून पंख्याचा डबा बघितला.

"हा बंद दिसतोय. चालू करून दाखवता का?"

"तो आपोआप चालू होतो," मी म्हणालो.

आम्ही वाट बघितली. बाबा सकाळपासून खोलीबाहेर आले नव्हते, टाकी कालपासून गरम पाण्याने काठोकाठ भरलेली होती आणि यंत्राला काही करायचं कारण नव्हतं. बोलावलं नसताना व्होल्टेजकाका आले आणि आंघोळीइतकं पाणी गेल्याशिवाय ते सुरू होणार नाही असं त्यांनी जाहीर केलं. मी स्वयंपाकघरातला नळ सोडला. त्याची धार पेन्सिलीएवढी आहे, हे मला लग्नापासून माहीत आहे. मॅडम घड्याळाकडे बघू लागल्या.

तेवढ्यात डक्टमधून खालून आवाज आला. व्यापाऱ्यांना गार करणारा तोच आवाज.

"आजोबा, आज झालंय काय? सगळी फुलं माना टाकायला लागली. आंघोळीला जा की लवकर."

मॅडमनी खिडकीकडे पाहिलं. मी खिडकी लावायला गेलो, पण त्याआधी दुसरा आवाज पोहोचला.

"साहेब, पाइप परत कधी लावताय? गिऱ्हाईक डोक्याला साबण लावून बसलंय."

व्होल्टेजकाकांना घरी काहीतरी काम आठवलं. मॅडमनी पिशवीतून पेन काढलं. बायकोने माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे. इतक्यात बाबांच्या खोलीचं दार उघडलं. ते टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आले आणि मॅडमसमोर थांबले.

"बाई, तुम्ही सरकारी कामाला आला आहात, मी मधे बोलत नाही," ते म्हणाले. "पण खाली माल खराब होतोय. मला आधी ड्यूटीवर जाऊ द्या. मग काय विचारायचं ते विचारा."

त्यांनी बाथरूमचं दार लावलं. पाण्याचा धो धो आवाज सुरू झाला. आम्ही सगळे उभे राहून तो ऐकत होतो. दुसऱ्याच्या आंघोळीचा आवाज सरकारी अधिकाऱ्याबरोबर ऐकणं हा काही सुखाचा अनुभव नाही. थोड्या वेळाने डक्टमध्ये पंखा फिरू लागला आणि खालून ताईंचा आवाज आला, "आली, हवा आली."

"पाइप माळ्यावर आहे," मी मॅडमना म्हणालो. "काल मीच काढला. आमचं गरम पाणी सलूनमध्ये जातं आणि गार हवा फुलांच्या दुकानात."

मॅडम पुस्तिकेची पानं उलटू लागल्या. "घरगुती भागात हे बसत नाही. कुठेतरी तसं कलम आहे—"

"घरगुती भागातली तिसरी तळटीप," मी म्हणालो. "उजव्या पानावर, खाली. आणि माहिती दडवल्याचं कलम त्याच्या मागच्या पानावर."

मी पान काढून दिलं. बायकोने कपाळाला हात लावला. पण जो नकार द्यायचा तो चुकीच्या कलमाखाली दिला जावा, हे माझ्याच्याने बघवलं नसतं. मॅडमनी कलम वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदा जरा निराळ्या स्वरात विचारलं, "तुम्ही कुठे काम करता?"

मी सांगितलं. त्यांनी समजल्यासारखी मान हलवली. मग म्हणाल्या, "खालचं दुकान दाखवा."

ताईंच्या मागच्या खोलीत त्या बराच वेळ थांबल्या. वाऱ्यापुढे हात धरून बघितला, बंद पडलेलं थंड कपाट बघितलं, गळणाऱ्या पाण्याखालची बादली बघितली. हॉलसाठीची फुलं तोवर पुन्हा सावरली होती. मॅडमनी पुस्तिकेचा धंद्याचा भाग उघडला. तो मी वाचला नव्हता. आपल्या उपयोगाचा नाही म्हणून सोडून दिला होता.

"धंद्याच्या जागी एकाच यंत्राची उष्णता आणि गारवा दोन्ही वापरले, तर अनुदान जास्त मिळतं," त्या म्हणाल्या. "असं मी आजवर कागदावरच वाचलं होतं. पण यंत्र धंद्याच्या नावावर आणि धंद्याच्या मीटरवर हवं."

"आणि माझा अर्ज?"

"तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. पाइप कायमचा काढा, या खिडकीवर फळी ठोका, यंत्र फक्त घरापुरतं वापरा आणि पुन्हा तपासणी मागा. मी लिहून देईन की पूर्तता झाली. नाहीतर यंत्र या ताईंच्या नावावर करा, म्हणजे अर्ज त्यांचा. तुम्हाला काही मिळणार नाही."

ताई गप्प होत्या. मी त्यांना गप्प बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. सलूनवाला दारात येऊन उभा राहिला होता. बाबा वरून आले. ओल्या केसांतून पाणी कॉलरवर ठिबकत होतं. आमच्यापैकी कुणाकडेही न बघता ते थेट लिलीच्या बादलीपाशी गेले, बादली उचलून वाऱ्याच्या तोंडाशी सरकवली आणि एका फुलाचा देठ वाकला होता तो बोटाने सरळ धरून उभे राहिले. फळी हा शब्द त्यांनी ऐकला होता की नाही, मला माहीत नाही. ऐकला असता तर ते म्हणाले असते, "मला गारच चालतं."

"ताईंच्या नावावर करा," मी म्हणालो. अनुदानावर मी पाणी सोडलं, आणि तेही गरम.

ताईंनी तिथल्या तिथे अर्ज भरायला घेतला. गाडी एका रकान्यापाशी अडली. गरम पाणी कोण वापरतं, असा प्रश्न होता. सलूनची वेगळी पुरवणी जोडता येत होती, पण आंघोळीचं काय?

"बाहेरच्या माणसाने केलेली आंघोळ धंद्यात धरता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. "तुमच्याकडे कर्मचारी किती?"

"मी एकटीच," ताई म्हणाल्या. मग त्यांनी बाबांकडे बघितलं. "आजोबा, नोकरी कराल?"

बाबांनी देठ सोडला. "पगार नको," ते म्हणाले.

"पगाराशिवाय कर्मचारी होत नाही," मॅडम आणि मी एकदमच म्हणालो.

पगार ठरला. कामाचं स्वरूप या रकान्यात काय लिहायचं यावर मॅडमनी बराच विचार केला. आंघोळ असं लिहिलं तर वरचं कार्यालय अर्ज परत पाठवेल, असं त्यांचं मत पडलं. शेवटी त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'शीतकरण साहाय्यक.' माझ्या आख्ख्या कारकिर्दीत इतकं खरं आणि इतकं फसवं पदनाम मी वाचलेलं नाही. बाबांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि 'साहाय्यक'मधला काना बरोबर आहे असं सांगितलं.

ताईंचा अर्ज मंजूर झाला. यंत्राची किंमत त्यांनी मला चुकती केली, विजेची जोडणी त्यांच्या मीटरवर गेली, निळ्या पाइपच्या जागी पक्का पाइप आला. आता आमच्या बाथरूमच्या माळ्यावर ताईंची टाकी आहे आणि त्यातलं पाणी आम्हाला शेजारधर्म म्हणून मिळतं. सकाळचा पहिला हक्क शीतकरण साहाय्यकांचा, मग सलूनचा, मग माझा. बायको म्हणते की माझी आंघोळ रात्रीवर गेल्यापासून मी कमी बोलतो. ऑफिसात मी हल्ली अर्ज नाकारण्यापूर्वी पुस्तिकेचा दुसराही भाग वाचतो. त्यामुळे माझ्या टेबलावर फायली साचतात आणि साहेब नाराज आहेत.

सुट्टीत आम्ही डोंगरावर जायचं ठरवलं. तिघांचं हॉटेल ठरवलं, मग बाबांना सांगितलं.

"मला नाही जमणार," ते म्हणाले.

"ताईंना सांगून रजा घ्या की, बाबा," बायको म्हणाली. "त्या काही नाही म्हणायच्या नाहीत."

"त्या देतील. पण सीझनमध्ये मी मागणार नाही. तुम्ही दोघं जाऊन या."

बायकोने आणखी आग्रह केला नाही. आम्ही दोघंच गेलो. हॉटेलात पहिल्या संध्याकाळी मी गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडून, ते कुणाचंही नाही अशा आनंदात उभा होतो. तेवढ्यात बायको फोन घेऊन बाथरूमच्या दाराशी आली. बाबांचा होता.

"जावईबापू," ते घाईत होते, मागे ताईंचा आवाज चालला होता. "तुमच्या कपाटातला तो जाड टॉवेल मी घेऊ का?"

मी काही बोलायच्या आत ते पुढे म्हणाले, "म्हणजे घेतलाय. कामासाठी लागला."

आणि त्यांनी फोन ठेवला.